ती हिरवळ रिकामी नव्हती

अठराव्या शतकातलं इंग्रजी पेन्सिलचित्र. मधोमध टुमदार बंगला, पुढे उतरती हिरवळ, कडेला दोन-चार झाडं. बघणारा लगेच म्हणतो, "किती साधं, किती शांत!" मला त्या 'साधं'चाच राग येतो.

अहो, कसलं साधं? पेन्सिलीतलं ग्राफाइटसुद्धा साधं नव्हतं. ते कंबरलंडमधल्या बॉरोडेलच्या खाणीतून यायचं. तोफगोळ्यांच्या साच्यांनाही तेच लागायचं, आणि त्याची चोरी होऊ नये म्हणून १७५२ मध्ये पार्लमेंटने खास कायदा केला होता!

आता त्या हिरवळीकडे या. ऑक्सफर्डशायरमधलं न्यूनहॅम कोर्टने घ्या. लॉर्ड हारकोर्टने १७५० च्या दशकात थेम्सकाठी बंगला बांधला. आसपासचा देखावा मोकळा हवा, म्हणून १७६० च्या सुमारास अख्खं गाव उचलून ऑक्सफर्डच्या रस्त्यावर नेलं. जुनं चर्चही गेलं. त्याच्या बदली १७६४ मध्ये ग्रीक मंदिराच्या थाटाचं चर्च आलं, म्हणजे देवाचं घरही बागेची शोभा! डॉर्सेटमध्ये लॉर्ड मिल्टननेही तेच केलं. १७८० च्या सुमारास मिल्टन अ‍ॅबस हे नवं गाव नजरेआड दरीत वसवलं.

"पण लोकांना नवी घरं मिळाली ना?" मिळाली, आणि कदाचित बरीही असतील. पण हलायचं का, हे ठरवणारे ते नव्हते.

चित्रात कुंपणही दिसत नाही. ते असतं, पण खंदकात लपवलेलं. 'हा-हा' म्हणतात त्याला. दिवाणखान्यातून पाहिलं की हिरवळ थेट कुरणाला भिडते, आणि गुरं मात्र पलीकडेच राहतात.

हंफ्री रेप्टन तर १७८८ पासून चक्क क्लायंट डेमोच द्यायचा. लाल चामड्यात बांधलेली वही, चित्रावर कागदाची झडप. झडप खाली असताना आजची जागा, उचलली की उद्याची. आम्ही आयटीवाले मॉकअप दाखवतो ना, अगदी तसंच. आणि मॉकअपमध्ये काय दाखवायचं नाही हे आधी ठरतं, हे मी तुम्हाला अनुभवाने सांगतो :)

ही चित्रं जाळा असं मी म्हणत नाहीये. रेघ सुरेखच असते. पण म्युझियमच्या पाटीवर चित्रकार, साल, कागदाचं माप इतकं सगळं लिहिता, तर जिथे बागेसाठी गाव हटवलंय तिथे त्या गावाचं नावही लिहा. एका ओळीचं काम आहे.