चित्ता गेला, माळढोकाचे काय?

एखादी प्राणिजाती नाहीशी झाल्याची वार्ता कधीही वेळेवर येत नाही. राजाच्या मृत्यूची तिथी इतिहासात नोंदलेली असते. जातीच्या मृत्यूची तिथी मागाहून, अंदाजाने ठरवावी लागते. शेवटचा जीव मेल्यावर अनेक वर्षे तो कोणाच्या दृष्टीस पडत नाही, मग जाणकार शंका व्यक्त करतात, शोध घेतला जातो आणि सर्वांत शेवटी सरकारदरबारी ‘नामशेष’ असा शेरा पडतो. भारतातील चित्त्याच्या बाबतीत नेमके हेच झाले. आज छत्तीसगढमध्ये असलेल्या कोरिया संस्थानात १९४७ साली तीन तरुण नर चित्ते एकाच रात्री बंदुकीला बळी पडले. आपल्या देशातील चित्त्याची ही अखेरची खात्रीलायक नोंद समजली जाते. तो नामशेष झाल्याचे सरकारने जाहीर केले ते १९५२ साली.

त्यानंतर सत्तर वर्षांनी, १७ सप्टेंबर २०२२ रोजी, नामिबियातून आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनो राष्ट्रीय उद्यानात सोडण्यात आले आणि ‘चित्ता परतला’ असा जयघोष झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा आले. त्यांपैकी काही दगावले, काहींना येथे पिल्लेही झाली. या प्रयोगाचे यशापयश इतक्यात ठरवणे उतावीळपणाचे होईल. तथापि, त्या निमित्ताने एक प्रश्न विचारलाच पाहिजे. मूळचा चित्ता गेला तो कशामुळे, आणि ती कारणे आज दूर झाली आहेत काय?

शिकारीच्या पलीकडे

चित्ता हा मनुष्यावर हल्ला करणारा प्राणी नव्हे. तो माणसाळतो, आणि त्याचा हा गुणच त्याच्या मुळावर आला. काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळण्याची प्रथा या देशात शतकानुशतके होती. अकबराच्या पदरी हजार चित्ते असल्याचे जहांगीराने लिहून ठेवले आहे. परंतु बंदिवासात चित्त्याची वीण जवळजवळ होत नसे. जहांगीराच्या कारकिर्दीत एका पाळीव मादीला पिल्ले झाली, ती घटना अपूर्व म्हणून नोंदली गेली. तशी दुसरी नोंद थेट १९५६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात सापडते. म्हणजे पदरी चित्ता हवा, तर तो दर वेळी रानातूनच पकडून आणावा लागे. शेकडो वर्षे रान असे उपसले जात राहिले. ब्रिटिश अमदानीत काही प्रांतांत चित्ता मारणाऱ्यास बक्षिसेही मिळत. आपल्या कोल्हापूर संस्थानात विसाव्या शतकातही चित्त्यांकरवी शिकार होत असे. पण तोपर्यंत देशी चित्ता दुर्मिळ झाल्याने ते आफ्रिकेतून आणवले जात. चित्त्यांची आयात ही गोष्ट तेव्हा आपल्याला सर्वस्वी नवी नाही.

परंतु केवळ फासे आणि बंदुका यांनी चित्ता संपला, असे म्हणणे अपुरे ठरेल. वाघाची शिकार काही कमी झाली नाही. तरीही वाघ उरला, कारण त्याला दडण्यास दाट जंगल होते, आणि जंगलाला सरकारच्या लेखी मोल होते. चित्ता हा उघड्या माळाचा प्राणी. माळ नांगराखाली गेले, काळवीट घटले, आणि चित्त्याला पळण्यास भुई व खाण्यास भक्ष्य उरले नाही. वस्तुतः चित्त्याच्या आधी त्याचा माळ संपला होता.

‘पडीक’ नावाची जमीन

आपल्या महसुली व्यवहारात गवताच्या माळाला सन्मानाचे नाव नाही. ज्या जमिनीतून पीक निघत नाही ती ‘पोटखराबा’ किंवा ‘पडीक’, आणि जिच्यावर गावाची गुरे चरतात ती ‘गायरान’. पडीक म्हटल्यावर ती कोणाच्या तरी उपयोगास आणणे हे पुण्यकर्म ठरते. कोणी तेथे कारखाना काढतो, कोणी वसाहत वसवतो, कोणी विजेचे प्रकल्प उभारतो. ज्यांना निसर्गाची कळकळ आहे ते वृक्षारोपण करतात. हेतू उत्तम असूनही माळावर झाडांच्या रांगा लावणे हे माळ नष्ट करणेच होय. कारण दूरवर पाहून शत्रू ओळखणाऱ्या पशुपक्ष्यांना ती झाडे म्हणजे भिंती असतात.

याच माळावर चित्त्याचा एक शेजारी होता, आणि तो अद्याप जिवंत आहे. त्याचे नाव माळढोक. पंजाबपासून तमिळनाडूपर्यंत आढळणारा हा पक्षी आज सुमारे दीडशेच्या घरात उरला आहे, आणि त्यांतील बहुतेक राजस्थानात जैसलमेरच्या परिसरात आहेत. डॉ. सालिम अली यांनी राष्ट्रीय पक्षी म्हणून त्याचे नाव सुचवले होते. १९६३ साली तो मान मोराला मिळाला. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. ते कुत्र्याने वा कोल्ह्याने पळवले की त्या हंगामाची आशा संपली. अंगाने हा पक्षी जड, आणि समोरचे त्याला नीट दिसत नाही. त्यामुळे माळावरून गेलेल्या विजेच्या तारांवर तो आदळतो आणि मरतो.

महाराष्ट्राने या पक्ष्यासाठी काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. १९७९ साली सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य घोषित झाले. सोलापूरजवळचे नान्नज त्यामुळे पक्षिप्रेमींच्या तोंडी झाले. परंतु या विस्तीर्ण अभयारण्यात गावेच्या गावे आणि खाजगी शेते अंतर्भूत होती. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले, आणि ज्या शेतकऱ्याच्या रानात हा पक्षी सुखाने वावरत होता, त्याच शेतकऱ्याला तो अडचणीचा वाटू लागला. पुढे अभयारण्य सुमारे बाराशे चौरस किलोमीटरपर्यंत घटवण्यात आले. दरम्यान पाणी आले, ऊस आला, माळ आक्रसला. अलीकडच्या वर्षांत तेथे एखाददुसऱ्या माळढोकाचे दर्शन झाले तरी ती बातमी होते. महाराष्ट्रापुरते पाहता, शेरा पडायचा तेवढा बाकी आहे.

उशिरा येणारा कायदा

कायदा उशिरा आल्याचे दारुण उदाहरण टास्मानियाचे आहे. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेच्या या बेटावर अंगावर पट्टे असलेला, पोटाशी पिशवी असलेला ‘टास्मानियाचा वाघ’ राहत असे. तो मेंढ्या मारतो या समजुतीने सरकारने १८८८ ते १९०९ या काळात दोन हजारांवर बक्षिसे वाटली. पुढे मन पालटले आणि १० जुलै १९३६ रोजी त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले. त्यानंतर अवघ्या एकोणसाठ दिवसांनी, ७ सप्टेंबरला, होबार्टच्या प्राणिसंग्रहालयातील ज्ञात असा शेवटचा प्राणी मेला.

यावर कोणी आपल्या रानपिंगळ्याचा दाखला देईल. १८८४ नंतर ज्याचा विश्वसनीय पुरावा नव्हता ते हे छोटे घुबड ११३ वर्षांनी, १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा सापडले, आणि पुढे मेळघाटातही आढळले. ही घटना आनंदाची खरी. पण तिच्यातून चुकीचा दिलासा घेऊ नये. रानपिंगळा सापडला, कारण सातपुड्यातील त्याचे जंगल उरले होते. निवारा शाबूत असेल तर हरवलेला जीव कधीतरी भेटतो. निवाराच गेला तर शोधायचे कोठे?

माळढोकाच्या बाबतीत दोन प्रयत्न चालू आहेत. राजस्थानात कृत्रिम पैदास केंद्रांत पिल्ले वाढवली जात आहेत, आणि विजेच्या तारांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये माळढोकाच्या अधिवासातील तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये तो सरसकट आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. सौरऊर्जेची देशाला गरज आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु दीडशे पक्ष्यांना लागणारा प्रदेश देशाच्या विस्ताराच्या मानाने नगण्य आहे. तेवढ्यापुरत्या तारा वळवणे वा पुरणे हे खर्चाचे असले तरी अशक्य खचितच नाही.

त्याहून महत्त्वाचे काम कागदावरचे आहे. गवताळ माळाला महसुली दप्तरात स्वतंत्र स्थान मिळाले पाहिजे, आणि ‘पडीक’ या शब्दाखाली त्याची विल्हेवाट लावणे थांबले पाहिजे. माळावर वृक्षारोपण करून उद्दिष्टे पुरी करण्याचा प्रघात सोडला पाहिजे. आणि ज्या शेतकऱ्याच्या किंवा मेंढपाळाच्या भरवशावर माळ टिकायचा, त्याला निर्बंधांच्या नोटिशीऐवजी मोबदला मिळाला पाहिजे. अभयारण्य लहान असले तरी चालेल. मात्र ते गावाच्या संमतीचे असावे.

हे झाले नाही, तर पैदास केंद्रातील पिल्ले मोठी होतील आणि त्यांना सोडण्यास माळ उरणार नाही. चित्त्याच्या जागी आफ्रिकेतून दुसरा चित्ता तरी आणता आला. भारतातील मूळ आशियाई चित्ता आज केवळ इराणात, अगदी मोजक्या संख्येने तग धरून आहे. माळढोकाची सोय त्याहूनही वाईट. हा पक्षी भारतीय उपखंडाबाहेर कोठेच नाही. तो गेल्यावर उसना आणण्यास जगात दुसरे दार नाही.