आमच्या भयकथेतला पोतराज

भयकथा म्हटली की आमच्या प्राध्यापक मंडळींच्या कपाळावर आठी पडते. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, नारायण धारपांनी (१९२५–२००८) 'समर्थ' उभा केला, लोकांनी ती पुस्तके वाचनालयातून आणून रात्री जागवल्या; पण वर्गात त्यांचे नाव काढायची सोय नाही. असो. ते रडगाणे गाण्यासाठी हा लेख नाही. भयकथा नुसती वाचायची नसते, ती खेळताही येते, हे गेल्या पावसाळ्यात आम्हा वसतिगृहातल्या पाच जणांना कळले, त्याविषयी थोडे सांगायचे आहे.

अमेरिकेत १९८१ साली 'कॉल ऑफ कथुल्हू' नावाचा खेळ निघाला. टेबलाभोवती बसायचे. एकजण सूत्रधार, तो प्रसंग सांगतो. बाकीचे शोध घेणाऱ्या माणसांच्या भूमिका घेतात. दार उघडते की नाही, पाय घसरतो की नाही, हे फाशांवर ठरते. अघटित पाहिले की पात्राचे मनःस्थैर्य आकड्यांनी घटते. (परीक्षेची तयारी म्हणून हरकत नाही!) छापील साहसकथा संपल्या की खेळणारे स्वतःच नव्या रचतात आणि एकमेकांना देतात. ज्याच्या कथांवर हा खेळ बेतला त्या लव्हक्राफ्टच्या मित्रमंडळातही हेच चाले. रॉबर्ट ब्लॉक या पोरसवदा मित्राने १९३५ मध्ये लव्हक्राफ्टसारखेच एक पात्र कथेत ठार केले. पुढच्या वर्षी छापून आलेल्या कथेत लव्हक्राफ्टने रॉबर्ट ब्लेक नावाच्या पात्राला यमसदनी धाडून परतफेड केली.

आम्हीही एक रचली. काळ १९२० नंतरचा, ठिकाण सोलापूर. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीतले कामगार रात्रपाळीहून घरी परतत नाहीत. अपराधी कोण? मी लिहिले, पोतराज. कमरेला चिंध्यांचा घोळ, मोकळे केस, कपाळी मळवट, हातात आसूड. याहून भयंकर मला काही सुचेना, कारण लहानपणी दारात पोतराज आला की मी आजीच्या पदरामागे लपत असे.

खेळ रंगला. निम्म्यावर आमच्यातला एकजण फासे मुठीत धरून तसाच बसला. म्हणाला, "माझा आजा पोतराज होता बे. आजी डोक्यावर लक्ष्मी घेऊन पुढं, हा मागं. आसूड स्वतःच्याच अंगावर मारून घ्यायचा. तू त्याला भीत होतास. तो तुमच्या उंबऱ्याला भीत होता."

त्या रात्री खेळ पुढे गेला नाही.

मी लव्हक्राफ्टची १९२८ ची मूळ कथा पुन्हा वाचली. तिच्यात त्या भयंकर दैवताचे भक्त म्हणजे मिश्र रक्ताचे खलाशी आणि दूरदेशीचे 'रानटी' लोक. या लेखकाच्या भीतीच्या तळाशी परक्या वंशांची किळस आहे. त्याच्या लेखी आपण सगळेच त्या अंधारातले! आणि मी काय केले? त्याच्या खुर्चीत जाऊन बसलो आणि अंधारात गावकुसाबाहेरचा माणूस उभा केला. परकी कथा आपल्या गावात आणणे वाईट नव्हे; धारपांनी स्टीफन किंगची 'सालेम्स लॉट' 'लुचाई' करून आणलीच. पण आणताना तिच्यातला तिरस्कारही सामानाबरोबर येतो, त्याची झडती घ्यायला हवी. "खेळच तर आहे," असे एका मित्राचे मत पडले. मला ते पटत नाही. पुस्तकाचा लेखक वाचकाचे तोंड पाहत नाही. इथे ज्याला भूत केले त्याचा नातू मांडीला मांडी लावून बसलेला असतो. 'आभरान'सारखे पोतराजाच्या घरातले आत्मकथन मी या खेळाआधी हातातही घेतले नव्हते, हेही कबूल करतो.

मग १९३० च्या मार्शल लॉचा काळ घ्यावा, अशी सूचना आली. तिला मी विरोध केला. १२ जानेवारी १९३१ ला ज्या गावचे चौघे फासावर गेले, त्या गावाला तेव्हा कुणाचे भय होते हे ठाऊक आहे. त्यावर राक्षसाचा मुखवटा चढवला तर खरा अपराधी सुटतो.

आता सूत्रधार तोच मित्र आहे. त्याच्या कथेत पोतराज शोध घेणाऱ्यांपैकी एक आहे, आणि रात्री दोनला, कुणी हात न लावता, गिरणीचा भोंगा वाजतो. का वाजतो ते त्याने अजून सांगितलेले नाही. गेल्या रविवारी माझ्या पात्राचे मनःस्थैर्य अकरावर आले.