तुच्छ बुळबुळीचें थोर कार्य

आमच्या प्रयोगशाळेंतील माशांच्या कांचेच्या हौदांतला खडा हातीं घेतला तर तो बुळबुळीत लागतो. विद्यार्थी ती घाण समजून नळाखालीं घासूं लागतात, व आम्हांस त्यांना थांबवावें लागतें. ती बुळबुळ म्हणजे असंख्य सूक्ष्म जंतूंची वसाहत होय, आणि तिच्याच जोरावर हौदांतील मासे जगतात. या तुच्छ वस्तूचा वरळी कोळीवाड्याशीं काय संबंध आहे, हें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सांडपाण्यांतील दिसणारी घाण जाळीनें अडवितां येते, गाळ तळाशीं बसवितां येतो. परंतु मलमूत्रांतील नत्र बहुतांशीं अमोनियाच्या रूपानें पाण्यांत विरघळलेलें असतें. तें डोळ्यांस दिसत नाहीं व जाळीसही सांपडत नाहीं. अमोनिया माशांस विषारी आहे. शिवाय नत्र हें खत असल्यामुळें खाडींत व किनाऱ्यालगत सूक्ष्म वनस्पति माजतात. पुढें त्या मरून कुजतात, आणि कुजतांना पाण्यांतील प्राणवायु संपवितात.

यावरील उपाय देवानें सृष्टींतच ठेविला आहे. १८७७ सालीं फ्रान्समध्यें श्लोझिंग आणि म्युन्त्झ यांनीं वाळू व खडू भरलेल्या नळींतून सांडपाणी सोडलें. कांहीं दिवसांनीं अमोनियाचें नायट्रेट होऊं लागलें. क्लोरोफॉर्मची वाफ सोडतांच ती क्रिया थांबली. अर्थात् ती सजीवांची होती. हे जंतु फार सावकाश वाढतात, व घर न मिळाल्यास वाहत्या पाण्याबरोबर निघून जातात. म्हणून कांहीं आधुनिक केंद्रांत प्लॅस्टिकचे लहान तुकडे टाकींत फिरते ठेवितात व त्यांवर जंतूंचा थर जमूं देतात. थराच्या बाहेरील अंगास प्राणवायु मिळतो; तेथें अमोनियाचें नायट्रेट होतें. थराच्या आंत, किंवा हवा न दिलेल्या दुसऱ्या टाकींत, निराळे जंतु नायट्रेटमधील प्राणवायूवर निर्वाह करितात, आणि उरलेला नत्रवायु निरुपद्रवी होऊन हवेंत जातो.

आतां वरळीकडे वळूं. येथें सांडपाणी बोगद्यानें सुमारें ३.४ किलोमीटर आंत समुद्रांत सोडण्याची व्यवस्था आहे. १९ जानेवारी २०२३ रोजीं मुंबईंतील सात शुद्धीकरण केंद्रांची पायाभरणी झाली. त्यांत वरळीच्या केंद्राची योजिलेली क्षमता दिवसास ५० कोटी लिटर आहे. विद्यार्थ्यांनीं गणित करून पाहावें: लिटरामागें ३० मिलिग्रॅम नत्र धरिलें तर रोज १५,००० किलोग्रॅम होतें. तें १० मिलिग्रॅमवर आणिलें तर रोज १०,००० किलोग्रॅम नत्र समुद्रांत जावयाचें वांचेल.

परंतु जें मोजावयाचें नाहीं तें काढणार कोण? केंद्र सरकारच्या २०१५ च्या मसुद्यांत नत्राची मर्यादा होती. २०१७ च्या नियमांतून ती गळली. २०१९ सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें पुन्हा कडक मर्यादांचा आदेश दिला. आमचें स्पष्ट मत असें कीं, पाणी समुद्रांत जावयाचें असलें तरी नत्राची सूट देऊं नये.

कोणी म्हणेल, समुद्र अफाट आहे आणि हवा पुरविण्यास वीज फार लागते. विजेचा खर्च आम्हांस मान्य आहे. परंतु कोळीवाड्यांतील लहान होडी अफाट समुद्रांत जात नाहीं. ती किनाऱ्यालगतच जाळें टाकिते. खडकांवर कालवें काढणाऱ्या बायांचा समुद्र तर ओहोटीनें उघड्या पडणाऱ्या जागेएवढाच. शहरानें टाळलेला खर्च नाहींसा होत नाहीं. तो या लोकांच्या माथीं बसतो. प्रभूनें आपले पहिले शिष्य मासे धरणाऱ्यांतूनच निवडले, हें वाचणाऱ्या आम्हांस तरी त्यांचा विसर पडूं नये.

म्हणून आमची एवढीच मागणी आहे: केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यांतील नत्राचा आंकडा रोज मोजावा, आणि तो क्लीव्हलँड बंदरावर, कोळी बांधवांस वाचतां येईल असा, मराठींत लावावा.