बोट केवढी हवी?

मैत्रिणींनो, पूर्वी आपल्या भिशीत काशी-रामेश्वरच्या गप्पा व्हायच्या. मग सिंगापूर-थायलंड आलं. हल्ली विषय असतो क्रूझचा. तालुक्याच्या गावातही सकाळच्या पेपरातून टूरवाल्यांचं पत्रक घरात येऊन पडतं. त्यावर इमारतीएवढं पांढरंशुभ्र जहाज, गच्चीवर निळाशार पोहण्याचा तलाव आणि खाली मोठ्या अक्षरात ‘माणशी अमुक हजारांपासून पुढे’. मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपच्या बाजूला जाणारं मोठं क्रूझ जहाज सप्टेंबर २०२१मध्ये सुरू झालं. सप्टेंबर २०२५मध्ये मुंबईच्या इंदिरा गोदीत आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटनही झालं. म्हणजे ही पत्रकं आता वाढणारच.

वाढू देत की! जिने चाळीस वर्षं घरातल्यांचे डबे भरले, तिने चार दिवस समुद्रावर आयतं जेवावं, यात वाईट काय? तेव्हा जावं की जाऊ नये, हा माझा मुद्दाच नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. बोट केवढी हवी? आणि मला विचाराल तर माझं उत्तर आहे, लहान. अगदी दोन रात्री कमी मिळाल्या तरी लहानच.

आधी मोठी म्हणजे केवढी, ते बघू. ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे जहाज जानेवारी २०२४मध्ये प्रवासी घेऊन निघालं. वीस मजले, लांबी सुमारे ३६५ मीटर. भरलं की ७,६०० प्रवासी, वर दोन हजारांहून जास्त कर्मचारी. म्हणजे जवळजवळ दहा हजार माणसं! आपल्याकडचं चांगलं बाजारपेठेचं गाव झालं की हो हे. त्यात घसरगुंड्या आहेत, नाटकाचं थिएटर आहे, दुकानं आहेत, बर्फावर घसरायची सोयसुद्धा आहे. वाईट काहीच नाही. पण अशा जहाजात तुम्ही जाता कुठे? जहाजातच जाता. समुद्र खिडकीबाहेर असतो, एवढंच. बंदर आलं की हजारो माणसं एकदम उतरणार. उतरायला रांग, बसला रांग, परत चढायला रांग. ज्या गावाचं नाव पत्रकात ठळक छापलेलं असतं, त्या गावात प्रत्यक्ष मिळतात चार-सहा तास. त्यातलेही निम्मे घड्याळाकडे बघण्यात जातात.

मी कोकणात किनाऱ्यावरच्या गावात राहते. त्यामुळे या गोष्टीची दुसरी बाजू मला रोज दिसते. नाताळ ते एकतीस डिसेंबर आमच्याकडे काय होतं, ते किनाऱ्यावरच्या कुठल्याही बाईला विचारा. एकच रस्ता, त्यावर गाड्यांची रांग. नळाला पाणी नाही, कारण ते लॉजच्या टाक्यांमध्ये गेलेलं. मासळीचे भाव दुप्पट. आणि दोन तारखेला वाळूत राहतात त्या बाटल्या आणि प्लॅस्टिकच्या थाळ्या. पाहुणे वाईट नसतात हो. ते एकदम येतात, हे वाईट असतं. आपल्या घरी चार पाहुणे आले तर आपण त्यांना हौसेने घावन करून घालतो, शेजारीपाजारी नेऊन ओळख करून देतो. चारशे आले तर? मंडप घालायचा, आचारी बोलवायचा आणि कोण आलं, कोण गेलं याचा पत्ता नाही. पाहुणचार आणि पंगत यात फरक आहेच ना!

हाच अनुभव जगातल्या मोठमोठ्या ठिकाणांना आला. व्हेनिसचं उदाहरण घ्या. पाण्यावर वसलेलं शेकडो वर्षांचं शहर. तिथल्या जुन्या वाड्यांच्याही वर डोकं काढून क्रूझ जहाजं शहराच्या मधून जात. जून २०१९मध्ये असं एक जहाज ताबा सुटून धक्क्यावर आणि तिथल्या एका पर्यटक बोटीवर आदळलं, माणसं जखमी झाली. शेवटी १ ऑगस्ट २०२१पासून इटलीच्या सरकारने २५,००० टनांहून मोठ्या जहाजांना त्या वाटेने बंदी केली. दक्षिण अमेरिकेजवळची गॅलापागोस बेटं तर डार्विनमुळे शाळेच्या पुस्तकापासून आपल्या ओळखीची. तिथे बेटाबेटांतून फिरणाऱ्या जहाजावर शंभरापेक्षा जास्त प्रवासी चालत नाहीत. अंटार्क्टिकाला पाचशेहून अधिक प्रवाशांचं जहाज गेलं, तर त्या प्रवाशांना बर्फावर पाऊल ठेवता येत नाही, त्यांनी डेकवरूनच बघायचं. लहान जहाजातले उतरू शकतात, पण तेही एका वेळी शंभरच. म्हणजे जिथे खरोखर जपण्यासारखं काही आहे, तिथे नियमच सांगतो की थोडे या.

पण अंटार्क्टिका काय किंवा गॅलापागोस काय, आपल्यापैकी बहुतेकींनी ते टीव्हीवरच बघायचं. म्हणून आपल्या देशातलं सांगते. दोन वर्षांपूर्वी मी आणि माझी मोठी बहीण ब्रह्मपुत्रेच्या बोटीने गेलो. बारा खोल्या, चोवीस प्रवासी. ही नदी समुद्रासारखी रुंद, पण वाळूने भरलेली आणि दर पावसाळ्यानंतर वाट बदलणारी. कुठे खोल, कुठे उथळ, याचा नकाशा टिकतच नाही. पाण्यात रोवलेल्या बांबूंच्या खुणा आणि स्थानिक सुकाणूवाल्याची नजर, यावर बोट चालते. तिथे मोठ्या जहाजाचं कामच नाही. संध्याकाळ झाली की आमची बोट एखाद्या वाळूच्या बेटाला लावायची, एक फळी टाकायची आणि उतरा म्हणायचं. ना धक्का, ना बाजार. नुसती नदी आणि आम्ही.

गुवाहाटीजवळ सुआलकुची नावाचं विणकरांचं गाव आहे. तिथल्या मागावर मुगा रेशीम विणताना पाहिलं. तो सोनेरी रंग कुठला दिलेला नाही, किड्यानेच दिलेला. पैठणीचं कौतुक असलेल्या आम्ही दोघी मागापाशी चांगल्या तासभर बसलो, आणि कोणी ‘चला चला’ केलं नाही. पुढे माजुली, नदीतलं प्रचंड बेट. धूप होऊन ते आक्रसत चाललंय, तरी शंकरदेवांच्या परंपरेतली सत्रं, म्हणजे वैष्णवांचे मठ, तिथे नांदते आहेत. तिथल्या सालमोरा गावात कुंभारकाम बायका करतात, तेही चाकाशिवाय, हाताने थापून थापून. मिशिंग जमातीची घरं खांबांवर उभी असतात. पूर आला तर पाणी खालून जावं म्हणून. त्या घराखालच्या सावलीत माग लावलेला असतो.

अशाच एका घराच्या अंगणात मोडक्यातोडक्या हिंदीत बोलणं झालं. त्या बाईने विचारलं, ‘‘तुमच्याकडे पूर येतो का?’’ माझ्या बहिणीने चिपळूणचा २०२१चा पूर सांगितला, तिने तिच्या दोन वेळा हललेल्या घराची गोष्ट सांगितली. भांडी कुठे ठेवलीस, धान्य कसं वाचवलंस, गुरांचं काय केलंस. दोन मुलखांतल्या बायका, पण विषय एकच! त्या दिवशी अंगणात आम्ही पाच-सहा जणी होतो म्हणून हे बोलणं झालं. दोनशे असतो, तर तिने फार तर गमछे विकायला मांडले असते आणि आम्ही भाव केला असता.

लहान बोट मला हवी ती यासाठी. शान म्हणून नव्हे, की ‘आम्ही गर्दीतले नव्हेत’ म्हणून मिरवायलाही नव्हे.

आता तुमचे प्रश्न मला ऐकू येतायत. पहिला, पैशाचा. खरं आहे, लहान बोट रात्रीच्या हिशेबाने बहुतेक वेळा महाग पडते, कारण खर्च वाटून घ्यायला माणसं थोडी. जानेवारी २०२३मध्ये वाराणसीहून दिब्रुगडला निघालेली ‘गंगा विलास’ ही ३६ प्रवाशांची बोट. ५१ दिवस, ३,२०० किलोमीटर. तिचं भाडं आपल्या आवाक्यातलं नाही, हे मी कशाला लपवू? पण मोठ्या जहाजाचा स्वस्त आकडाही शेवटपर्यंत स्वस्त राहत नाही. त्यावर कर, कर्मचाऱ्यांसाठीची दररोजची रक्कम, पेयं, बंदरावरच्या सहली हे वेगळं लागतं. ती सगळी बेरीज करून मगच तुलना करा. आणि एकटीने जाणार असाल तर लक्षात ठेवा, खोली दोघींची धरलेली असते. एकटीकडून बरेचदा जवळजवळ दोघींचे पैसे घेतात. म्हणून बहीण, नणंद, मैत्रीण, कोणी तरी जोडीला घ्या.

शिवाय लहान बोट म्हणजे पंचतारांकितच हवी असं कुठे आहे? जोरहाटजवळच्या निमाती घाटावरून माजुलीला साधी फेरीबोटही जाते. केरळात राज्य जलवाहतूक खात्याच्या बोटी गावकऱ्यांना घेऊन बॅकवॉटरमधून फिरतात. वैकमला २०१७पासून सौरऊर्जेवर चालणारी ७५ जणांची फेरीबोट आहे. आणि आपली दाभोळ-धोपावे फेरीबोट? डब्यात पोळी-भाजी बांधून घ्या आणि निघा. एका दिवसाची क्रूझच ती!

दुसरा प्रश्न, तब्येतीचा. इथे मोठ्या जहाजाचं पारडं जड आहे. लिफ्ट असते, डॉक्टर असतो. आजेसासूबाईंच्या पिढीचा शब्द वापरायचा तर तिथे बोट कमी लागते, कारण जहाजाचं डोलणं कमी करायची यंत्रणा असते. लहान बोटीत अनेकदा जिना चढावा लागतो, फळीवरून उतरावं लागतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल, सोबत चाकाच्या खुर्चीतली आई असेल, किंवा नातवंडांसकट चौदा माणसांचं कुटुंब निघालं असेल, तर खुशाल मोठं जहाज घ्या. बोट लागण्याची भीती असेल तर समुद्राऐवजी नदी निवडा, तिथे लाटा नसतात.

तिसरा प्रश्न सुरक्षिततेचा. लहान म्हणजे सुरक्षित असं समजू नका. १७ जुलै १९४७ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली, ही आठवण कोकणातल्या घरांत अजून आहे. मे २०२३मध्ये केरळात तानूरला पर्यटकांची बोट उलटली, २२ जण गेले. क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरली होती. तेव्हा परवाना विचारा, किती माणसांचा आहे ते विचारा, लाइफ जॅकेट अंगावर घालूनच बसा. जास्त माणसं भरताना दिसली तर उतरा. चारचौघांत तमाशा नको म्हणून गप्प बसण्याची आपल्याला सवय असते. बोटीवर ती सवय घरी ठेवून या.

आणखी एक गोष्ट, लहान बोटींचीसुद्धा गर्दी होऊ शकते. केरळात वेंबनाड सरोवरात हाऊसबोटी इतक्या झाल्या की पाणी घाण होण्याची तक्रार वर्षानुवर्षं चालू आहे. म्हणून बोटीवरचा कचरा आणि सांडपाणी कुठे जातं, हेही विचारा. आपण घरात पाहुण्यांनंतर मोरी कोण धुणार याचा विचार करतोच ना?

मोठ्या जहाजांमुळे रोजगार मिळतो, असं कोणी म्हणेल. खरंच आहे. गोव्याच्या आणि कोकणाच्या कितीतरी घरांची चूल जहाजावरच्या मुलांनी पेटती ठेवली आहे. गोव्यात त्यांना तारवटी म्हणतात. त्यांच्या पोटावर पाय द्यावा, असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण ज्या गावात हजारो माणसं चार तासांसाठी उतरतात, खाणं-पिणं-झोपणं सगळं जहाजावर करतात, त्या गावातल्या बाईच्या हातात काय पडतं, हाही प्रश्न आहेच. आमच्या गावात एका रात्रीसाठी राहणारं एक कुटुंब खानावळीला, नारळवाल्याला, मासे विकणाऱ्या मावशीला काही ना काही देऊन जातं. नुसतं फोटो काढून जाणारी बस फक्त धूळ देऊन जाते.

सख्यांनो, आपल्यापैकी बहुतेकींच्या वाट्याला अशी सहल आयुष्यात एकदा येते, फार तर दोनदा. मुदतठेव मोडून, भिशीचे पैसे साठवून, निवृत्तीच्या रकमेतून काढून. ठरवताना घरातली मंडळी जहाजाचे मजले सांगतात, जेवणाचे प्रकार सांगतात, शेजारच्यांनी टाकलेले फोटो दाखवतात. तुम्हाला काय बघायचंय, हे विचारायचं मात्र राहून जातं. ते आधी तुम्हीच ठरवा. जहाज बघायचं असेल तर मोठं घ्या आणि मनसोक्त मजा करा, त्यात कमीपणा नाही. गाव बघायचं असेल, माणसं भेटायला हवी असतील, तर लहान बोट शोधा. पुढच्या वेळी पत्रक हातात आलं की मजले मोजू नका. थांबे मोजा, आणि प्रत्येक थांब्यावर किती तास, ते टूरवाल्याकडून लिहून घ्या.