घराण्याचं जहाज, जंगलाचं लाकूड

वाडिया म्हणजे जहाज बांधणारा. लवजी नसरवानजी हे सुरतेचे पारशी कारागीर. १७३५-३६ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना मुंबईला आणलं आणि पुढे जवळजवळ दीडशे वर्षं गोदीतलं प्रमुख बांधणीकाराचं पद त्याच घराण्यात राहिलं. माणेकजी, बमनजी, जमशेटजी... यादी सगळी पुरुषांची. धंदा 'घराण्याचा', पण त्या घरात राबलेल्या बायकांची नावं यादीत नाहीत. आपल्याला यात नवल वाटत नाही, हेच खरं तर नवल.

पण मला अधिक बोलायचंय ते लाकडाबद्दल. इंग्लंडात ओकचा तुटवडा होता आणि वाडियांची सागवानी जहाजं टिकाऊ निघाली. १८१७ चं 'त्रिंकोमाली' आजही हार्टलपूलला पाण्यावर आहे. हे सागवान प्रामुख्याने मलबारचं. ते हाती राहावं म्हणून १८०६ साली कॅप्टन वॉटसन या पोलीस अधिकाऱ्याला तिथे पहिला वनसंरक्षक नेमलं. लोकांना आपलंच झाड तोडायची बंदी झाली. असंतोष इतका वाढला की १८२३ मध्ये ते पद रद्द करावं लागलं. विचार मात्र मेला नाही. रेल्वेचे स्लीपर हवे झाले तेव्हा तो १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांतून परत आला. १९२७ चा कायदा तर अजून चालूच आहे.

आलापल्ली-बल्लारपूरच्या सागवानावर हीच मालकी बसली. मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान वाजतगाजत निघालं. त्याच जंगलातून सरपणाची मोळी आणणारी बाई मात्र नाकेदार दिसला की वाट बदलते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने थोडं बदललं. २००९ मध्ये मेंढा (लेखा) गावाला सामूहिक हक्क मिळाला, बांबू-तेंदू ग्रामसभेकडे आले. इमारती लाकूड मात्र गौण वनोपजात धरलेलं नाही. वैयक्तिक पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असावा, असं कलम ४(४) सांगतं. चांगलं आहे, पण तेवढ्याने भागत नाही. पट्ट्यावर नाव आलं म्हणून मजुरी हातात येत नाही. पहाटे पानं तोडायला बाई जाते, पुडे तीच बांधते. पैसे 'कुटुंबप्रमुखा'च्या खात्यात गेले, तर ते वाडियांच्या यादीसारखंच झालं. तेंदूच्या येत्या हंगामाआधी प्रत्येक ग्रामसभेत आपल्या गटांनी दोन ठराव मांडावेत: फळीवरच्या नोंदवहीत बाईचं नाव स्वतंत्र लिहायचं, आणि मजुरी व बोनस तिच्या स्वतःच्या खात्यात जमा करायचा.