मध्यमवर्गाचे मोठे दुकान

हळदीकुंकवाला चार घरच्या स्त्रिया जमल्या, की अजूनही एक प्रश्न हमखास निघतो : "बिग बझार गेले, आता कपडे, चादरी, भांडी एका फेरीत घ्यायची तरी कुठे?" वरवर पाहता हा प्रश्न अनाठायी वाटेल. दुकाने कमी झालेली नाहीत. उलट गल्लोगल्ली वाढलीच आहेत, आणि भ्रमणध्वनीवर बोट ठेवताच वस्तू दाराशी येते. तरीही या प्रश्नात तथ्य आहे, असे आम्हांस वाटते. पदपथावरचा ढीग आणि काचेआडचे उंची वस्त्रदालन यांच्या मधली जी जागा, तिच्याविषयीची ही हळहळ आहे.

दुकानाचे दैव म्हणजे काय, हे हैदराबादकरांना निराळे सांगावयास नको. शहराचा आबिड्स हा गजबजलेला भाग ज्याच्या नावाने ओळखला जातो, तो आल्बर्ट आबिड सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचा खास सेवक होता. त्याने तेथे दुकान थाटले. निजामांच्या अंगावरून एकदाच उतरलेली उंची वस्त्रे त्याच्या हाती येत व पुन्हा विकली जात, अशी आख्यायिका आहे. दुकान केव्हाच नाहीसे झाले. नाव तेवढे रिक्षावाल्यांच्या तोंडी राहिले.

मोठ्या दुकानाने मध्यमवर्गाला वस्तूंपेक्षाही मोलाची एक गोष्ट दिली. ती म्हणजे निर्भयता. ब्रिटिश अमदानीत कोलकाता, मुंबई येथे व्हाइटअवे लेडलॉची दुकाने होती. तेथे उधारी नसे, म्हणून नावाशी यमक जुळवून लोक त्यांना 'राइट अवे, पेड फॉर', म्हणजे 'तिथल्या तिथे, रोखीने' असे विनोदाने म्हणत. १९४८ साली मुंबईच्या नायगावात कामगारांच्या वस्तीत 'अपना बाजार' ही सहकारी संस्था उभी राहिली. १९६६ साली रुपयाचे अवमूल्यन झाल्यानंतर, महागाईला आळा बसावा म्हणून दिल्लीत सुपर बाजार निघाला. या दुकानांचे मालक निराळे, हेतू निराळे; पण रीत एकच. भाव लिहिलेला, तो सर्वांना सारखा, आणि आत येऊन पाहिले म्हणजे घेतलेच पाहिजे असे नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या घरांना या रीतीचे मोल अधिक. सोलापूर-पुण्याहून लग्न होऊन आलेल्या सुनेला तेलुगू येत नाही, दखनी कानाला नवी. कापडाच्या पेढीवर घासाघीस करावयाची, तर सासूबाई किंवा नणंद बरोबर हवी. किमतीची चिठ्ठी लावलेल्या दुकानात मात्र ती एकटी जाऊ शके. जुना कापडवाला घराण्याची ओळख ठेवी, उधारी देई, पसंतीसाठी लुगडी घरी पाठवी, हे खरेच. परंतु ती ओळख मिळण्यास दोन पिढ्या जाव्या लागत.

२००१ साली बिग बझारची पहिली दुकाने कोलकाता, बंगळूर व हैदराबाद येथे अवघ्या २२ दिवसांत उघडली. चकचकीत, मोकळ्या जागेत सामान्य माणूस बुजतो, हे किशोर बियाणी यांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी दुकान मुद्दाम आठवडी बाजारासारखे दाटीचे ठेवले, माल हाताळता यावा असे ढीग रचले. २६ जानेवारी २००६ रोजी 'सबसे सस्ता दिन' जाहीर झाला, तेव्हा इतकी गर्दी लोटली की काही ठिकाणी दारे बंद करावी लागली.

असे असता या जातीच्या दुकानांपासून गिऱ्हाईक दुरावले का? कोणत्याही एका दुकानाचे नाव न घेता आम्ही परिचितांना हा प्रश्न विचारला. एक सेवानिवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "भाव वाढला म्हणून मी सोडले नाही. यजमानांच्या मापाचा सदरा दोनदा मिळाला नाही. तिसऱ्यांदा मी गेलेच नाही." नोकरी करणाऱ्या एका सुनेचे म्हणणे, "दोन टॉवेलांसाठी रविवारची पाऊण तास रांग कोण लावील? घरबसल्या मागवते, पण कापडाचा पोत पडद्यावर कळत नाही, निम्मे परत पाठवावे लागते." सर्वांत मार्मिक बोलले ते एक वयोवृद्ध गृहस्थ : "दोनावर एक फुकट, अशी पाटी पाहिली की मनात येते, कालचा भाव खरा की आजचा?"

आमच्या मते या शेवटच्या वाक्यात रोगाचे मूळ आहे. १९९० च्या सुमारास वेष्टनावर सर्व करांसह कमाल किंमत छापण्याचा दंडक आला आणि लिहिलेला भाव कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही मिळू लागला. मग मोठ्या दुकानाला छापील किमतीखाली उतरावे लागले. सवलतीची सवय लागली, आणि सवलत नसलेल्या दिवशी घेणारा मूर्ख ठरू लागला. ज्या विश्वासावर दुकान उभे होते, तोच असा पोखरला गेला.

तथापि सारा दोष गिऱ्हाइकाच्या किंवा पाट्यांच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. कर्जाच्या ओझ्यापायी २०१२ साली बियाणींनी पँटलून्सचा ताबा बिर्ला समूहाकडे दिला. २०२० साली करोनाची टाळेबंदी आली. त्याच ऑगस्टमध्ये रिलायन्सशी २४,७१३ कोटी रुपयांचा सौदा जाहीर झाला. तो अमेझॉनच्या हरकतीमुळे अडला आणि एप्रिल २०२२ मध्ये मोडला. तत्पूर्वीच, फेब्रुवारीत, अनेक दुकानांच्या जागा रिलायन्सने ताब्यात घेतल्या होत्या. देणी थकली की पुरवठादार हात आखडतो, आणि फळ्या ओस पडतात. आपल्याला न मिळालेल्या सदऱ्यामागे कधी कधी असा कोट्यवधींचा हिशेब असतो.

मग हा व्यापारच संपला म्हणावा काय? विलायतेत १७७८ पासूनचे डेबनहॅम्सही २०२१ साली मिटले, हे पाहता तसे वाटते खरे. पण २००२ साली पवईत निघालेले डीमार्ट बहुतांशी स्वतःच्या जागेत दुकान मांडते, म्हणून भाड्याचा भार हलका. टाटांच्या ट्रेंटने २०१६ पासून चालविलेल्या झुडिओत स्वतःच्याच छापाचा माल, ठरलेल्या स्वस्त भावात मिळतो. तेथे तरुणांची रीघ असते. म्हणजे लिहिलेल्या भावावरचा विश्वास मेलेला नाही. उणीव एवढीच, की नव्या दुकानांचे लक्ष तरुणांवर. आजीचा सुती परकर आणि आजोबांचा लेंगा तेथे शोधावा लागतो.

आपल्या बाजूनेही दोन गोष्टी पाळाव्यात. बिल मागून घ्यावे व जपावे. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या पाटीला भिऊ नये; २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, मुदत नसल्यास ३० दिवसांत, परत घेण्याचे नाकारणे ही अनुचित प्रथा ठरते. आणि दुसरी : विक्रेत्या मुलीकडून दहा सदरे उलगडून घ्यावेत, माप पाहावे, आणि पन्नास रुपयांसाठी तोच सदरा घरी जाऊन मागवावा, हे आपल्यासारख्यांना शोभत नाही. दुकान बंद पडते तेव्हा त्या मुलीची नोकरी जाते. ज्या दुकानाने आपला मान राखला, त्याच्याशी हिशेब रुपयांत पुरा होत नाही.