माफीनंतरचा अर्ज

वाट-वहिवाट / वाटसरू, राजूर (जि. जालना)

अंगारकी चतुर्थीच्या आदल्या रात्री जालन्याकडून राजूरकडे येणारा रस्ता माणसांनी भरून वाहू लागतो. साडेतीन गणेशपीठांत ज्याची गणना होते त्या राजुरेश्वराच्या दर्शनासाठी अंधारातून अनवाणी चालत आलेल्या त्या भाविकांना त्यांचे नाव, गाव किंवा येण्याचे प्रयोजन कोणी विचारीत नाही. ज्याची इच्छा झाली तो निघाला आणि ज्याच्या पायांत बळ होते तो पोहोचला, एवढाच त्या यात्रेचा कायदा. जन्मापासून ही निर्वेध मोकळीक पाहत आलेल्या आम्हां गावकऱ्यांना प्रवास म्हणजे पायाखालची वाट एवढेच ठाऊक असते, आणि म्हणूनच वाटेला लागण्यापूर्वी कोणाची तरी मंजुरी घ्यावी लागते ही गोष्ट आमच्या मनाला सहजी पटत नाही.

गेल्या आठवड्यात आमच्या गावचा एक तरुण घरी आला. जालना रस्त्यावर शेंद्र्याच्या औद्योगिक नगरीत ह्योसंग या कोरियन कंपनीचा स्पँडेक्स धाग्याचा मोठा कारखाना आहे आणि त्या परिसरात याला काम मिळालेले आहे, त्यामुळे कोरियन माणसे त्याच्या रोजच्या पाहण्यातली. त्याने विचारले, “काका, कोरियाच्या माणसाला अमेरिकेला जायला व्हिसा लागत नाही म्हणतात. पण आमच्या ओळखीचे एक कोरियन साहेब निघायच्या आधी मोबाईलवर अर्ज भरून मंजुरीची वाट बघत बसले होते. व्हिसा माफ आहे, तर मग मंजुरी कशाची?” त्याला तेथल्या तेथे दिलेले उत्तर मला स्वतःलाच अपुरे वाटले, आणि आजचा हा मजकूर त्या अपुरेपणातून आला आहे.

दक्षिण कोरियाला अमेरिकेने व्हिसामाफीच्या योजनेत घेतले ते नोव्हेंबर २००८ मध्ये. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १२ जानेवारी २००९ पासून, माफी मिळालेल्या सर्वच देशांच्या प्रवाशांना विमानात बसण्यापूर्वी संगणकावरून ‘एस्टा’ नावाची पूर्वमंजुरी घेणे सक्तीचे झाले. वकिलातीच्या दारापुढची रांग, मुलाखत आणि पारपत्रावरचा शिक्का या तीन गोष्टी सुटल्या. त्यांच्या जागी नाव, जन्मतारीख, पारपत्राचा क्रमांक, आजवरचे गुन्हे, आजार आणि पूर्वी नाकारलेले प्रवेश यांची विचारणा करणारा एक अर्ज आला. मंजुरीची मुदत साधारणपणे दोन वर्षे आणि एका वेळच्या मुक्कामाची मर्यादा ९० दिवस. शुल्क २१ डॉलर होते, ते ३० सप्टेंबर २०२५ पासून ४० डॉलर झाले. कॅनडाने २०१६ मध्ये हाच मार्ग धरला. ब्रिटनमध्ये ८ जानेवारी २०२५ पासून कोरियन प्रवाशाला अशी पूर्वमंजुरी घेतल्यावाचून पाऊल ठेवता येत नाही, आणि युरोपातील ३० देशांनीही २० युरो शुल्काचा असाच अर्ज योजून ठेवला आहे. खुद्द कोरियाने सप्टेंबर २०२१ पासून परक्या व्हिसामुक्त प्रवाशांसाठी स्वतःची पूर्वमंजुरी सुरू केली, म्हणजे ज्या अर्जाचा त्रास आपल्या नागरिकांना होतो तोच अर्ज त्या देशाने पाहुण्यांपुढेही ठेवला.

या सर्वांचा अर्थ एका वाक्यात सांगायचा तर तो असा की, राज्याने व्हिसा माफ केला म्हणून प्रवेशाचा अधिकार प्रवाशाच्या हाती जात नाही. तो राज्याकडेच राहतो, आणि माफीच्या शर्ती मोडल्या की माफीही संपते. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात कोरियन कंपन्यांच्या बॅटरी कारखान्याच्या बांधकामावर छापा पडला आणि ४७५ माणसे अटकेत गेली, त्यांत तीनशेहून अधिक कोरियन होते. त्यांपैकी कित्येक जण याच पूर्वमंजुरीवर अमेरिकेत आलेले होते. व्यवसायानिमित्त भेटीला येणे त्या मंजुरीत बसते, तेथे नोकरी करणे बसत नाही, आणि या दोहोंमधली रेषा कोठे पडते यावरून कुशल, कष्टाळू माणसांच्या हातांत बेड्या पडल्या. आठवड्याभराने विशेष विमानाने ते मायदेशी परतले. ज्यांच्या मागे एवढे समृद्ध राष्ट्र आणि एवढ्या बलाढ्य कंपन्या उभ्या होत्या त्यांची ही गत झाली, तर आपल्या अर्जात काय लिहिले आहे हे ज्याला वाचताच आले नाही त्या खेड्यातल्या माणसाच्या पाठीशी कोण उभे राहणार, ही चिंता मला अधिक छळते.

ही पद्धत आजच्या यंत्रयुगाने काढली, असे मात्र कोणी समजू नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘मुद्राध्यक्ष’ नावाचा स्वतंत्र अधिकारी आहे. एक माषक शुल्क घेऊन त्याने मुद्रा, म्हणजे प्रवासाचा परवाना, द्यावी, मुद्रा असेल त्यानेच जनपदात यावे वा जनपदाबाहेर जावे, मुद्रेवाचून सापडलेल्या देशवासीयाला १२ पण दंड व्हावा, खोटी मुद्रा बाळगणाऱ्याला त्याहून कडक शिक्षा व्हावी आणि तो परदेशी असेल तर सर्वांत कडक, अशी त्या ग्रंथातली व्यवस्था आहे. शुल्क, पूर्वमंजुरी, तपासणी आणि दंड ही चारही अंगे तेथे आहेत. पुढे मराठी आणि मोगली अंमलात ‘दस्तक’ आणि ‘राहदारीचा परवाना’ हे कागद वाटसरूच्या कमरेला बांधलेले असत, आणि निजामी अमदानीत करोडगिरीच्या नाक्यावर मालाची झडती आणि जकात दिल्यावाचून गाडी पुढे सरकत नसे.

परंतु त्याच भूमीत दुसरीही परंपरा आहे. राजूरहून पुढे गेले की भोकरदन लागते, जे प्राचीन लेखांत भोगवर्धन म्हणून ओळखले जाते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या भोगवर्धनाचे रहिवासी मध्य भारतातील सांचीपर्यंत गेले, तेथील स्तूपाला त्यांनी दान दिले आणि आपल्या गावाचे नाव दगडावर कोरवून ठेवले. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीप्रतिमेशी जवळचे नाते सांगणारी एक मूर्ती भोकरदनच्या उत्खननातही मिळाली, आणि आमच्या या कोरडवाहू भागाचा समुद्रापलीकडच्या जगाशी केवढा व्यवहार होता ते त्यावरून कळते. मुद्रा मागणारे राज्य आणि दूरचा पल्ला गाठणारा प्रवासी हे दोघेही या मातीत एकाच काळी नांदले. दोघांचेही म्हणणे ऐकूनच आजच्या प्रश्नाचा निवाडा केला पाहिजे.

मराठवाड्याच्या माणसाला हा प्रश्न कोरियाच्या मानाने फार जवळचा आहे, आणि त्याचे सर्वांत हृद्य उदाहरण म्हणजे कर्तारपूर. आमच्या नांदेडला १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला. आमच्या हिंगोली जिल्ह्यातील नरसीशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात पूजनीय झाली. आणि नामदेवांनी उत्तरायुष्यात वास्तव्य केलेल्या पंजाबातील घुमान या गावी २०१५ मध्ये ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. घुमान ज्या गुरुदासपूर जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात डेरा बाबा नानक आहे, आणि तेथून सरहद्दीपलीकडे जेमतेम साडेचार किलोमीटरवर गुरू नानकांच्या अखेरच्या वर्षांचे साक्षीदार असलेले कर्तारपूर. ९ नोव्हेंबर २०१९ रोजी तिकडे जाणारा मार्ग खुला झाला तेव्हा भारतीय यात्रेकरूला व्हिसा माफ करण्यात आला. पण माफीबरोबर अर्ज आलाच. यात्रेकरूने संगणकावर नोंदणी करावी, पोलिसांची पडताळणी व्हावी, नावांची यादी १० दिवस आधी पलीकडे पोहोचावी, प्रवासाच्या ४ दिवस आधी मंजुरी हाती यावी, पारपत्र सोबत असावे, २० डॉलर सेवाशुल्क भरावे आणि त्याच दिवशी संध्याकाळी परत यावे, असा तो क्रम. साथीच्या काळात मार्च २०२० मध्ये हा मार्ग बंद झाला, नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा उघडला आणि ७ मे २०२५ रोजी दोन राष्ट्रांतील संघर्षात पुन्हा मिटला. सात दशकांच्या वैरातून एवढी अरुंद वाट निघाली ती या पूर्वमंजुरीच्या आधारे निघाली, हे मी कृतज्ञतेने मान्य करतो, कारण आपल्याकडे कोण येत आहे याची खातरजमा दोन्ही राज्यांना करता आली नसती तर तो दरवाजा मुळी उघडलाच नसता.

याच न्यायाने आपणही परक्यांना विचारतो. २७ नोव्हेंबर २०१४ रोजी भारताने ४३ देशांच्या पर्यटकांसाठी संगणकावरून प्रवासमंजुरी सुरू केली, त्यांत दक्षिण कोरिया पहिल्यापासून होता. अजिंठ्याची बोधिसत्त्वे पाहण्यासाठी दूर देशाहून आलेला कोरियन बौद्ध उपासक अशा मंजुरीचा कागद बाळगून येतो. तेव्हा पूर्वमंजुरी मागण्याचा राज्याचा अधिकार मला मान्य आहे. माझे म्हणणे इतकेच की, ज्याच्या नावाने ती द्यायची त्याला ती मागता, वाचता आणि समजता आली पाहिजे, आणि आज आमच्या तालुक्यात तसे घडत नाही.

काय घडते ते सांगतो. थायलंड आणि मलेशिया या दोन्ही देशांनी भारतीयांना व्हिसा माफ केल्यापासून आमच्या भागातूनही सहली निघू लागल्या आहेत. मलेशियाला जाण्यापूर्वी तीन दिवसांच्या आत आगमनाची माहिती संगणकावरून द्यावी लागते, आणि थायलंडनेही १ मे २०२५ पासून तसाच नियम केला. ही मंजुरी नसून केवळ निवेदन आहे आणि दोन्ही देश त्यासाठी एक पैसाही घेत नाहीत. तरीही आमच्या शेजारच्या एका वृद्ध दांपत्याकडून एका दुकानदाराने याच विनामूल्य अर्जाचे दोन हजार रुपये घेतले, आणि पावती मागितल्यावर ‘सरकारी फी आहे’ असे सांगितले. सरकारी संकेतस्थळासारखीच दिसणारी आणि पैसे उकळणारी खासगी संकेतस्थळे महाजालावर पुष्कळ आहेत, आणि इंग्रजीतील बारीक अक्षरांतली कबुली वाचण्याची सवय ज्याला नाही तो त्यांत अलगद सापडतो.

पैसे गेले तर पुन्हा मिळवता येतात, पण नावात चूक झाली तर प्रवासच जातो. आपल्या नावाचे तीन भाग, स्वतःचे, वडिलांचे किंवा पतीचे आणि आडनाव, परक्या अर्जाच्या दोन चौकटींत बसवताना कोठला भाग कोठे गेला हे बहुतेकांना सांगता येत नाही. ‘दत्तात्रय’ हे नाव इंग्रजीत शेवटी ‘ए’ लावून लिहावे की न लावता, यावर शाळेचा दाखला एक सांगतो, आधार कार्ड दुसरे सांगते आणि पारपत्र तिसरेच. विवाहित स्त्रियांची अडचण याहून मोठी आहे, कारण त्यांचे मधले आणि शेवटचे अशी दोन्ही नावे बदललेली असतात. राजूरच्या माणसाला आणखी एक पेच आहे. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला, त्यापूर्वी जन्मलेल्या आमच्या पिढीचा जन्म औरंगाबाद जिल्ह्यातला. त्या जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. आणि राजूर नावाची गावे महाराष्ट्रात याखेरीजही आहेत. मग जन्मस्थळाच्या चौकटीत काय लिहावे? पारपत्रावर जे छापले आहे तेच, अक्षर न् अक्षर तेच, इतके साधे उत्तर आहे, पण ते सांगणारा माणूस अर्जदाराच्या शेजारी बसलेला नसतो.

म्हणून दोन मागण्या मी येथे नोंदवतो. पहिली परराष्ट्र मंत्रालयाकडे: ज्या ज्या देशांना भारतीयांकडून पूर्वमंजुरी किंवा आगमनाचे निवेदन हवे असते त्यांची यादी, खऱ्या सरकारी संकेतस्थळाचा पत्ता, खरे शुल्क आणि प्रत्येक रकान्याचा अर्थ मराठीसह सर्व भारतीय भाषांत एके ठिकाणी प्रसिद्ध करावा, आणि नियम बदलतील तशी त्यात वेळच्या वेळी दुरुस्ती करावी. दुसरी राज्य सरकारकडे: गावोगावी असलेल्या आपले सरकार सेवा केंद्रांत असे अर्ज भरून देण्याची सोय ठरलेल्या दरात व्हावी, तो दर दाराशी ठळक लावलेला असावा, आणि भरलेल्या अर्जाची छापील प्रत अर्जदाराला वाचून दाखवल्यावाचून तो पुढे पाठवू नये. जुन्या काळी कारकून कैफियत लिहून झाल्यावर ती मोठ्याने वाचून दाखवी आणि मग अंगठा घेई. यंत्रावरच्या बोटालाही तोच मान मिळाला पाहिजे, कारण अर्जाखालचे प्रतिज्ञापन दुकानदाराचे नसते, प्रवाशाचे असते, आणि त्यातल्या असत्याचा जाब परक्या विमानतळावर त्यालाच विचारला जातो.

त्या तरुणाला आता माझे पूर्ण उत्तर असे: साहेबांना शिक्का माफ झाला होता, विचारणा माफ झाली नव्हती, आणि विचारणेला खरे उत्तर द्यायचे तर प्रश्न आधी समजला पाहिजे. सरकारच्या हातून या मागण्या पुऱ्या होतील तेव्हा होवोत, तोवर आपले आपण काही करू. राजूर आणि आसपासच्या ज्या वाचकांना परदेशी जाण्यापूर्वी असा अर्ज भरायचा असेल त्यांनी रविवारी सकाळी पारपत्र घेऊन माझ्या ओसरीवर यावे; आपण दोघे मिळून तो शेवटच्या रकान्यापर्यंत वाचू, आणि पाठवण्याची कळ तुम्हीच दाबाल.